घरच्या व्हीएचएस कॅसेट डीव्हीडीवर उतरवताना

व्हीसीआर, यूएसबीचे कॅप्चर यंत्र (कॅसेटचे चित्र संगणकात फाइल म्हणून उतरवणारे) आणि पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांची केबल संगणकाला जोडून झाली आहे, असे मी गृहीत धरतो. कॅसेटच्या लेबलाकडच्या कडेवरील प्लास्टिकची टिकली तोडलेली असावी, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी मूळ चित्रण पुसले जाणार नाही. पावसाळ्यांची ओल खाल्लेल्या कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली, तर ती बुरशी समजावी आणि ती कॅसेट साफ करून घेईपर्यंत व्हीसीआरच्या जवळही नेऊ नये, कारण हेडवर (व्हीसीआरच्या टेप वाचणाऱ्या भागावर) बसलेली बुरशी नंतरच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. बाकीच्या कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा सुरुवातीपर्यंत मागे फिरवून घ्याव्यात.

आपल्याकडच्या कॅसेट पाल या टीव्ही-चित्राच्या पद्धतीच्या असल्यामुळे कॅप्चर 720 × 576 आकारात आणि सेकंदाला 25 फ्रेम या गतीने करावे. आवाज 48,000 हर्ट्झवर घ्यावा, कारण डीव्हीडीला तोच लागतो. यंत्रासोबत आलेल्या सॉफ्टवेअरने थेट डीव्हीडीच्या साच्यात रेकॉर्ड करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो मला मान्य नाही, कारण त्यात पुढे दुरुस्तीला जागाच उरत नाही. व्हर्च्युअलडब या कॅप्चरच्या सॉफ्टवेअरमध्ये हफवाययूव्ही हा कोडेक (चित्र आवळून साठवण्याची पद्धत) वापरल्यास तासाला साधारण 30 जीबी जागा जाते, पण चित्राचा कण हरवत नाही. संगणकाची हार्ड डिस्क मात्र एनटीएफएस या मांडणीची असावी, कारण फॅट32 या जुन्या मांडणीत 4 जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

यापुढची अडचण आवाज आणि चित्र यांच्या ताटातुटीची आहे, आणि तिच्यापायी माझे कित्येक रविवार वाया गेले आहेत. घरातल्या एका लग्नाची कॅसेट मी उतरवली, तेव्हा सुरुवातीचे सीमांतपूजन अगदी व्यवस्थित होते; मंगलाष्टकांपर्यंत पोहोचलो, तर अंतरपाट दूर होऊन अक्षता पडून गेल्यावर ‘सावधान’ ऐकू येत होते. संगणक जुना आहे, मेमरी वाढवा, असे मला सांगण्यात आले. मी मेमरी वाढवली, आणि ‘सावधान’ होते तिथेच राहिले.

खरे कारण टेपमध्ये असते. व्हीसीआरमधून येणारे चित्र यांत्रिक गतीवर अवलंबून असल्यामुळे त्याची प्रत्येक रेषा किंचित लवकर किंवा उशिरा येते. जुना टीव्ही ते सहन करीत असे, पण कॅप्चर यंत्राला काटेकोर ठेका लागतो, आणि तो चुकला की ते सरळ फ्रेम गाळते. आवाज मात्र आपल्या वेगळ्या घड्याळावर पुढे चालत राहतो. अशा 25 फ्रेम गळाल्या की चित्र एका सेकंदाने आखूड होते आणि तेवढाच आवाज मागे पडतो. लग्नाच्या कॅसेट बहुधा स्टुडिओने जोडून काढलेल्या प्रती असतात, त्यामुळे जिथे जिथे जोड आहे तिथे तिथे हा ठेका हमखास तुटतो.

म्हणून आधी निदान करावे. कॅप्चर झालेली फाइल सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी तपासावी. टाळ्या किंवा फटाक्यांचे दृश्य यासाठी उत्तम. फरक संथपणे, एकसारखा वाढत असेल तर दोष केवळ दोन घड्याळांच्या गतीतला आहे: दीड तासाच्या म्हणजे 5,400 सेकंदांच्या चित्रामागे आवाज 3 सेकंद लांबला असेल, तर ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टेम्पो (आवाजाची गती) सुमारे 0.056 टक्के वाढवला की काम झाले. फरक एखाद्या जागी एकदम उडी मारत असेल, तर मात्र आवाज ताणण्याच्या भानगडीत मुळीच पडू नये, कारण शेवट जुळला तरी मधला भाग बिघडतो. फ्रेम गळाल्या आहेत, आणि उपाय त्यांना गळू न देणे हाच आहे.

त्यासाठी व्हीसीआर आणि कॅप्चर यंत्र यांच्यामध्ये ठेका सुधारणारे काहीतरी बसवावे लागते. टाइम बेस करेक्टर हे त्यासाठीचे खास यंत्र महाग पडते. पण काही जुने डीव्हीडी रेकॉर्डर (प्लेअर नव्हे) आत आलेले चित्र नव्याने बांधून बाहेर सोडतात आणि तेवढ्याने बहुतेक वेळा भागते. मी असाच एक जुना रेकॉर्डर मिळवला, त्यात डिस्क न घालता नुसता मध्ये जोडला, आणि गळणाऱ्या फ्रेम शेकड्यांवरून हाताच्या बोटांवर आल्या. व्हीसीआरच्या मेनूमध्ये सिग्नल गेल्यावर निळा पडदा दाखवण्याची सोय असेल तर ती बंद करावी, कारण तो पडदा येताना-जाताना ठेका पुन्हा तुटतो. कॅप्चर चालू असताना गळालेल्या फ्रेमच्या आकड्यावर नजर ठेवावी आणि तो भराभर वाढू लागला तर तिथेच थांबावे. शिवाय ठेका फार डळमळला की काही यंत्रे ‘ही कॅसेट कॉपी करण्यास मनाई आहे’ असेही बजावतात, तेही आपल्याच घरच्या बारशाच्या कॅसेटबद्दल; त्यावरही हाच उपाय लागू पडतो.

चित्र मोठे करणे, धारदार करणे, ओळी एकत्र करणे यांपैकी काहीही डीव्हीडीसाठी करू नये. चित्राच्या सम आणि विषम ओळींची जोडगोळी जशी आहे तशीच एमपेग-2 या डीव्हीडीच्या चित्रसाच्यात न्यावी. 4.7 जीबीच्या एका डिस्कवर दीड तासच घ्यावा, म्हणजे चित्राला सेकंदाला सुमारे 6.5 मेगाबिट मिळतात. तीन तासांची कॅसेट दोन डिस्कवर विभागावी. डीव्हीडीस्टायलर या डीव्हीडी बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मेनू करून डिस्क कमी वेगाने लिहावी आणि तिच्यावर कागदी लेबल चिकटवू नये. तयार डिस्क संगणकात नव्हे, तर दिवाणखान्यातल्या प्लेअरमध्ये घालावी, थेट शेवटच्या दहा मिनिटांवर जावे, बोलणाऱ्यांचे ओठ पाहावेत, आणि मगच पुढची कॅसेट हाती घ्यावी.