लिफ्ट उचलत नाय म्हणून लगेच झाकण खोलू नका, जुन्या ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकमध्ये या चुका टाळा

कारखान्याचा हंगाम संपला की आपल्या सोलापूर भागात दरवर्षी हे बघायला मिळतं. ट्रॅक्टर चार-पाच महिने नुसत्या उसाच्या ट्रॉल्या ओढतो, अवजार उचलणारी मागची लिफ्ट कोण हलवत पण नाय, आन उन्हाळी नांगरटीला पलटी नांगर जोडला की लिव्हर वर घेतली तरी नांगर जागचा हलत नाय. मग फिटरला फोन, सीट काढली, संध्याकाळपर्यंत लिफ्टचं झाकण उघडं, त्यात वारं सुटलेलं आन फुफाटा सगळा आत. माझं म्हणणं एवढंच आहे की दुखणं बऱ्याचदा बाहेर असतं किंवा तेलात असतं, आजार म्हशीला आन इंजेक्शन पखालीला असं करू नका.

आमच्याकडंच झालेलं सांगतो. ३५ एचपीचा जुना ट्रॅक्टर, मोगडा वरच अडकला, खाली यायलाच तयार नाय. मिस्त्री आला, दिवसभर खोललं, ओ-रिंगा बदलल्या, बसवलं, तरी तेच. दुसऱ्या दिवशी सीटखाली हात घातला तर अवजार किती जोरात खाली यावं ते ठरवणारा जो नॉब असतो तो पूर्ण आवळलेला होता, पोरं ट्रॅक्टरवर खेळताना कुणीतरी फिरवला असणार. अर्धा आटा सैल केला आन मोगडा अलगद खाली आला. दोन दिवस आन मजुरी गेली ती गेलीच.

म्हणून पहिलं हे बघा. नॉब कुठं आहे, टिपिंग ट्रॉलीच्या पाइपाकडं तेल वळवायची वेगळी लिव्हर असेल तर ती ट्रॉलीच्या बाजूलाच राहिलीय का, चेक चेन (अवजार बाजूला हलू न देणाऱ्या साखळ्या) इतक्या ताणून बांधल्यात का की लोअर लिंकला (अवजार धरणाऱ्या खालच्या दोन दांड्यांना) वर जायला जागाच नाय. काही जुन्या मॉडेलात हायड्रोलिकचा पंप पीटीओच्या (रोटाव्हेटरसारखी अवजारं फिरवणाऱ्या) शाफ्टवर चालतो, तिथं क्लच पूर्ण दाबून धरला की लिफ्ट थांबते, तो फॉल्ट नाय, त्याची रचनाच तशी आहे.

आता तेल. इथं सगळ्यात जास्त चुका होतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरला गिअरबॉक्सचं, मागच्या हाऊसिंगचं आन हायड्रोलिकचं तेल एकच असतं. लेव्हल बघायची तर ट्रॅक्टर सपाट जागेवर, इंजिन बंद, लिफ्ट खाली आन ट्रॉलीचा जॅक पण खाली पाहिजे. जॅक वर असताना तेल त्या सिलिंडरमध्ये गेलेलं असतं, डिपस्टिक कमी दाखवते, आपण वरून तेल ओततो आन जॅक खाली आला की जास्तीचं तेल सीलमधून बाहेर यायला लागतं.

शेजाऱ्याची टिपिंग ट्रॉली मुरूम टाकायला एक दिवस आणली तर त्याच्या जॅकमधलं तेल तुमच्या ट्रॅक्टरात येतं आन तुमचं त्याच्याकडं जातं हे लोकांच्या डोक्यातच येत नाय. त्याच्या तेलात पाणी, कचरा असेल तर तो आता तुमचा झाला. पाइप जोडायच्या आधी दोन्हीकडची कपलिंगची तोंडं स्वच्छ फडक्यानं पुसा, तिथं बसलेली काळी माती थेट पंपात जाते.

पाणी आहे का ते बघायला लॅब लागत नाय. काचेच्या बाटलीत पावशेर तेल काढा आन रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळाला पाणी बसलेलं दिसलं किंवा तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर सगळं तेल बदलायचंय, आन पाणी कुठून शिरलं ते पण शोधायचंय, बहुतेक वेळा गिअर लिव्हरचं फाटलेलं रबर नायतर ब्रीदर (हवा जायचं-यायचं भोक). तेलावर फेस असेल आन पंप कुंईं असा आवाज करत असेल, लिफ्ट धक्के देत वर जात असेल, तर पंप हवा ओढतोय, म्हणजे लेव्हल कमी नायतर सक्शन पाइपाची ओ-रिंग गेलेली. इंजिनमधून काढलेलं काळं तेल लिफ्टला टाकायची सवय काही जणांना आहे, कृपा करून ते करू नका. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड दिलाय तोच टाका, आन तेल बदलताना फिल्टर बदलल्याशिवाय किंवा जाळी धुतल्याशिवाय नवीन तेल ओतू नका.

तेल ठीक आहे, बाहेरचं सगळं ठीक आहे, तरी उचलत नाय? मग कान द्या. लिव्हर पूर्ण वर घ्या. शिट्टीसारखा ताणलेला आवाज येतोय आन इंजिनवर लोड पडतोय म्हणजे प्रेशर तयार होऊन रिलीफ व्हॉल्व्हमधून (जास्तीचं प्रेशर सोडून देणारा व्हॉल्व्ह) सुटतंय, मग अवजार जास्त जड आहे नायतर लिफ्ट आर्म कुठंतरी अडकलाय. काहीच आवाज नाय, लोड नाय, तर पंपाकडून तेलच येत नाय किंवा चार महिने न हलल्यानं कंट्रोल व्हॉल्व्ह (लिव्हरनं हलणारा, सिलिंडरला तेल सोडणारा) चिकटलाय. चिकटलेल्या व्हॉल्व्हला लिव्हरवर पाय देऊन जोर लावायचा नाय, आतल्या लिंका वाकतात. इंजिन तासभर चालू ठेवून तेल गरम होऊ द्या आन लिव्हर हळूहळू वर-खाली करा, कधीकधी तेवढ्यानं सुटतो.

सकाळी मस्त उचलतो आन दुपारी ऊन चढलं की मान टाकतो, ही तक्रार उन्हाळ्यात लय ऐकायला येते. तेल गरम होऊन पातळ झालं की झिजलेल्या पंपातून, सीलमधून आतल्या आत निसटतं. इथं बरेच जण रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वायसर टाकून प्रेशर वाढवतात. हे जीवावर बेतू शकतं. पंप फुटतो, सिलिंडरला तडा जातो, पाइप फाटतो. शंका असेल तर गेज लावून प्रेशर मोजून घ्या.

उचललेला नांगर इंजिन बंद केल्यावर हळूहळू खाली बसत असेल तर जमिनीपासूनचं अंतर मोजा, दहा मिनिटांनी परत मोजा. मग तोच सीटखालचा नॉब पूर्ण आवळून परत बघा (तो सिलिंडरची लाइन बंद करतो अशा ट्रॅक्टरवर). आता बसायचं थांबलं तर दोष कंट्रोल व्हॉल्व्हचा, तरीही बसतोय तर पिस्टनचं सील गेलं. एवढं फिटरला सांगितलं तरी त्याचं अर्धं काम होतं. मोजताना नांगराखाली हात-पाय घालायचे नायत. आन पाइपाला बारीक भोक असल्याचा संशय असेल तर बोट फिरवून शोधू नका, पुठ्ठा धरा, प्रेशरचं तेल कातडीत घुसतं आन मग हातच वाचवायची वेळ येते, तसं झालं तर लगेच दवाखाना.

ड्राफ्टचं (जमिनीचा जोर वाढला की नांगर आपोआप थोडा वर घ्यायची सोय) पण सांगायला पाहिजे कारण लिफ्ट चांगली असून लोक तिला नावं ठेवतात. नांगर पोझिशन लिव्हरवरच (अवजार एकाच उंचीवर धरणारी) चालवला की कडक काळ्या रानात चाकं फिरायला लागतात. ड्राफ्ट ही हॅरी फर्ग्युसन या ट्रॅक्टर बनवणाऱ्या संशोधकाची युक्ती, १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरवर ती मोठ्या प्रमाणात आली, जमिनीचा जोर टॉप लिंकमधून (अवजाराच्या वरच्या मधल्या दांड्यातून) लिफ्टला कळतो आन ती नांगर थोडा उचलून घेते. त्यामुळं नांगराला ड्राफ्ट, रोटाव्हेटरला पोझिशन. टॉप लिंकची पिन झिजून भोक लांबट झालं असेल किंवा पिनेच्या जागी सळई ठोकली असेल तर तो जोर नीट पोचतच नाय आन नांगर उड्या मारतो.

एवढं करून खरंच खोलायची वेळ आली तर आधी ट्रॅक्टर धुऊन घ्या आन रानात नाय, शेडमध्ये खोला. पिस्टन काढल्यावर सिलिंडरच्या आतून नख फिरवा, नख अडकलं तर नुसतं सील बदलून उपयोग नाय, चार दिवसात परत गळणार, सिलिंडरचंच काम करून घ्या. ओ-रिंगा निम्म्या नव्या निम्म्या जुन्या ठेवू नका. ड्रेन बोल्टला चुंबक असेल तर त्यावर राखाडी चिकट लेप असतोच, पण चमकणारे कण हाताला टोचले तर झाकण परत बसवायच्या आधी पंप बघा.