मेंटर मिळतो, पण टिकत नाही : या चुका टाळा

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, काम करणारी आपली मराठी मुलंमुली अधूनमधून मला भेटायला येतात. कुणी नुकताच शिफ्ट इनचार्ज झालेला असतो, कुणाच्या हाताखाली पहिल्यांदाच दहा-बारा माणसं आलेली असतात. सगळ्यांचं मागणं साधारण एकच असतं : "ताई, मला एखादा चांगला मेंटर मिळवून द्या ना."

मेंटर म्हणजे आपल्या वाटेवरून आधी चालून गेलेला, अनुभवातून सांगणारा माणूस. तो मिळवून देणं कठीण नाही. आपल्या बडोद्यात मोठमोठ्या कारखान्यांतून निवृत्त झालेली, शेकडो माणसं सांभाळलेली मंडळी रोज सकाळी कमाटीबागेत फिरायला येतात. विचारलं तर त्यातले बहुतेक जण आनंदाने हो म्हणतील. अडतं पुढे. दोन भेटी होतात, तिसरी ठरत नाही आणि मग दिवाळीच्या शुभेच्छांपुरतं नातं उरतं. माझंही असंच झालं होतं, म्हणून हे लिहायला बसले.

"मला मार्गदर्शन करा" एवढंच म्हणणं

मी प्रॉडक्शनमध्ये असिस्टंट मॅनेजर झाले तेव्हा ओळखीच्या एका निवृत्त जनरल मॅनेजर काकांना गाठलं आणि म्हटलं, "काका, मला तुमचं मार्गदर्शन हवंय." ते मनापासून म्हणाले, "ये की, कधीही ये." पुढची दोन वर्षं मी गेले नाही. जाऊन काय विचारायचं हेच माझं ठरलेलं नव्हतं.

मग एक अडचण अंगावर आली. माझ्या लाइनवरचा सुपरवायझर माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा होता. मी सांगितलेलं वेळापत्रक तो तोंडावर मान्य करायचा आणि शिफ्ट सुरू झाली की बदलायचा. मी त्याच्याशी एकटीने बोलून पाहिलं होतं, लेखी सूचनाही देऊन पाहिली होती. हे घेऊन गेले तर काका दीड तास बोलले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तो बदलतो ते वेळापत्रक नेमकं कुठे बदलतो?" मला उत्तर देता आलं नाही. आठवडाभर टिपून ठेवलं, तेव्हा लक्षात आलं की तो दर वेळी एकाच मशिनचा क्रम बदलत होता आणि त्याचं बरोबर होतं. माझ्या वेळापत्रकात त्या मशिनचा सेटिंगचा वेळ धरलेलाच नव्हता.

म्हणून जाताना तीन गोष्टी लिहून न्या : अडचण काय आहे, आतापर्यंत काय करून पाहिलं, आणि कुठला निर्णय अडलाय. "मला लीडर व्हायचंय" यावर कुणी काय बोलणार? "सोमवारी मीटिंग आहे, त्यात हे सांगू की नको" यावर अनुभवी माणूस भरभरून बोलतो.

परत जाऊन न सांगणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही. काकांचा सल्ला ऐकला, वेळापत्रक सुधारलं, सुपरवायझरशी जमलंसुद्धा, आणि मी चार महिने त्यांना एक फोन केला नाही. मला वाटायचं, त्यांना कशाला त्रास द्यायचा. दांडिया बाजारात अचानक समोर आले तेव्हा त्यांनी विचारलं, "काय गं, त्या माणसाचं पुढे काय झालं? मी रोज विचार करतोय." आजही ते वाक्य आठवलं की वाईट वाटतं.

जो आपल्याला वेळ देतो तो आपल्या गोष्टीत गुंततो. तिचा शेवट त्याला कळायलाच हवा. सल्ला वापरला नसेल तरी सांगा, आणि का वापरला नाही तेही सांगा. त्यात अपमान नाही. उलट "तुम्ही म्हणालात तसं केलं, पण माणसं बिथरली" हे ऐकूनच खरं बोलणं सुरू होतं. मी आता नियम केलाय : भेटीनंतर दोन दिवसांत चार ओळींचा मेसेज, महिन्याभरात काय घडलं त्याचा फोन. पुढची भेट आपोआप ठरते.

एकाच माणसाकडून सगळं मागणं

यावर आपल्या शहराचा इतिहास फार बोलका आहे. 1875 मध्ये नाशिककडच्या कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक येऊन सयाजीराव झाला, तेव्हा त्याला एकाच गुरूच्या हवाली केलं नाही. शिक्षणासाठी इलियट हे इंग्रज अधिकारी नेमले गेले. राज्यकारभाराचे धडे दिवाण टी. माधवराव यांनी दिले. ते त्रावणकोर आणि इंदूरची दिवाणगिरी करून आलेले, म्हणजे खुर्चीत बसून निर्णय घेतलेले गृहस्थ. डिसेंबर 1881 मध्ये महाराजांच्या हाती पूर्ण अधिकार आले, त्याआधी त्याच वर्षी माधवरावांनी त्यांना कारभारावर व्याख्यानं दिली होती.

आणखी एक भूमिका असते, ती आपण विसरतो. आपण खोलीत नसताना आपलं नाव घेणारा माणूस. बाबासाहेबांसाठी केळुसकर गुरुजींनी सयाजीरावांकडे शब्द टाकला आणि कॉलेजच्या शिक्षणासाठी दरमहा 25 रुपये मिळू लागले. पुढे 1913 मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले.

तेव्हा आधी ठरवा, आपल्याला हवंय काय. वाट चालून गेलेल्याचा अनुभव हवा असेल तर मेंटर. प्रश्न विचारून आपल्यालाच उत्तरापर्यंत नेणारा हवा असेल तर कोच. बढतीच्या चर्चेत आपल्यासाठी बोलणारा हवा असेल तर तो वरच्या पदावरचा, आपलं काम डोळ्यांनी पाहिलेला माणूस लागतो, आणि त्याच्याकडे शब्द मागायच्या आधी काम दिसलेलं असावं लागतं. झोप उडाली असेल, कामावर जायची भीती वाटत असेल, तर यातलं कुणीच नको. डॉक्टर हवा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबरही आहे.

साहेबालाच मेंटर करणं

साहेब चांगला असेल तर शिका, जरूर शिका. पण तुमचं अप्रेझल त्याच्या हातात आहे. "मला माणसांना रागावता येत नाही" हे त्याच्यापुढे मोकळेपणी बोलता येईल का, याचा विचार करा. दुसऱ्या खात्यातला किंवा बाहेरचा माणूस बरा.

फक्त आपल्यातलाच माणूस शोधणं

आपण मंडळात, गणेशोत्सवात, नात्यागोत्यात शोधतो. भाषा एक, संकोच कमी. पण माझ्या हाताखालची बहुतेक माणसं गुजराती होती, आणि त्यांच्याशी कसं बोलावं, पैशाचा विषय कसा काढावा, हे मला एका गुजराती उद्योजक बेनने शिकवलं. "पहले हिसाब, पीछे नाराजगी," असं त्या हिंदीत समजावायच्या, कारण माझं गुजराती तेव्हा कच्चं होतं. त्यांच्या ऑफिसात जायला मला सहा महिने लागले. ते सहा महिने वाया गेले असं मला आजही वाटतं.

फी बघून कोच निवडणं

आपल्याकडे कोच म्हणवून घ्यायला परवाना लागत नाही. म्हणून चौकशी करा. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन (आयसीएफ) ही आंतरराष्ट्रीय संस्था कोचना तीन पातळ्यांवर मान्यता देते. पहिल्या पातळीला किमान 100 तास प्रत्यक्ष कोचिंग लागतं, दुसऱ्याला 500, सर्वांत वरच्याला 2,500. प्रमाणपत्र म्हणजे सगळं नव्हे, पण किती तास काम केलंय हा प्रश्न तरी विचारता येतो. पहिल्या भेटीत तो स्वतःच्याच यशाच्या गोष्टी सांगत बसला, किंवा "तीन महिन्यांत बढती" असं म्हणाला, तर उठा.

कंपनीने कोच दिला असेल तर पहिल्याच दिवशी विचारा : आपलं बोलणं एचआरपर्यंत किती जाणार? साधारणपणे विषय आणि प्रगती कळवली जाते, बोलणं गुप्त राहतं. तरी हे कोच, तुम्ही आणि तुमचे साहेब अशा तिघांच्या समोर ठरलेलं असावं.

तरीही गाडी अडली तर

फोनला उत्तर येत नाही? दोनदा प्रयत्न करा, दुसऱ्यांदा एकच छोटा प्रश्न पाठवा. मग थांबा, राग धरू नका.

दोन मेंटर उलटसुलट सांगतात? दोघांनाही विचारा, "हे तुम्ही कधी केलं होतं आणि तेव्हा परिस्थिती काय होती?" एकाने तीस वर्षांपूर्वीच्या कायम कामगारांच्या कारखान्यातलं सांगितलेलं असतं, दुसऱ्याने आजच्या कंत्राटी माणसांचं. त्यातलं आपल्या लाइनला काय लागू पडतं ते मग दिसू लागतं.

आणि शिकण्यासारखं संपलं असं वाटू लागलं, तर गुपचूप गायब होऊ नका. काकांना मी घरी जाऊन सांगितलं, "आता मी महिन्याला नाही, वर्षातून दोनदा येईन." ते हसले, चहा मागवला आणि विचारलं, "तुझ्याकडे आता कोण येतं?"