टॉक्सिन ‘खराब आलं’ म्हणायच्या आधी या चुका टाळा

जानेवारी उजाडला की एमएस्सीच्या प्रोजेक्टवाल्यांचे मेसेज सुरू होतात आणि त्यात एक वाक्य ठरलेलं असतं, “मॅडम, टॉक्सिन बाइंडच होत नाहीये, व्हायल खराब आली वाटतं.” म्हणजे जंतूंचं विष पेशीला चिकटतच नाहीये, विषाची बाटलीच खराब असणार. व्हायल क्वचित खराब असते हो. बहुतेक वेळा टॉक्सिन घालायच्या आधीच आपण रिसेप्टरची, म्हणजे पेशीवरच्या ज्या रेणूला टॉक्सिन चिकटतं त्याची, वाट लावलेली असते, नाहीतर जे मोजतोय ते बाइंडिंग नसतंच. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते.

ट्रिप्सिन, ट्रिप्सिन आणि ट्रिप्सिन

ही चूक माझ्या डोक्यातच जाते. फ्लास्कला चिकटलेल्या पेशी सोडवायच्या म्हटलं की हात आपोआप ट्रिप्सिनकडे जातो, कारण काम पटकन होतं. पण ट्रिप्सिन प्रोटीन कापतं, आणि काही टॉक्सिनांचे रिसेप्टर प्रोटीनचेच असतात. डिप्थीरिया टॉक्सिन ज्याला धरतं ते एचबी-ईजीएफ या ग्रोथ फॅक्टरचं पेशीच्या पडद्यात रुतलेलं, अजून सुटं न झालेलं रूप, म्हणजे प्रोटीनच. अँथ्रॅक्सचं प्रोटेक्टिव्ह अँटिजेन ज्या दोन रिसेप्टरांना चिकटतं तेही प्रोटीन. उलट कॉलरा टॉक्सिन जीएम१ नावाच्या गँग्लिओसाइडला धरतं, शिगा टॉक्सिन जीबी३ ला, ही दोन्ही साखर जोडलेली लिपिडं, आणि ट्रिप्सिन त्यांचं काही वाकडं करत नाही. आपला रिसेप्टर कशाचा बनलाय हे पेशींना हात लावायच्या आधी माहीत पाहिजे, बाकी प्रोटोकॉल नंतर.

मुंबईतल्याच एका लॅबमधली गोष्ट, नाव घेत नाही. एक मुलगी व्हेरो पेशींवर काम करत होती. या आफ्रिकन ग्रीन माकडाच्या किडनीच्या पेशी, डिप्थीरियासाठी एकदम योग्य. टॉक्सिन म्हणून फ्लुरोसंट रंग लावलेलं सीआरएम१९७, हे डिप्थीरिया टॉक्सिनचं निर्विष रूप, विषारी काम करणाऱ्या ए भागात एकच अमिनो आम्ल बदललेलं, पण पेशीला धरणारा बी भाग शाबूत असल्यामुळे रिसेप्टरला नीट चिकटणारं. फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या मशीनवर, सिग्नल शून्य. आणि त्याच पेशींवर पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून, म्हणजे हमखास चमकायलाच हवं म्हणून, घातलेलं कॉलराचं बी सबयुनिट (टॉक्सिनचा पेशीला धरणारा भाग) मात्र लख्ख चमकतंय. झालं, सगळ्यांनी ठरवून टाकलं की पेशी ठीक, मशीन ठीक, म्हणजे सीआरएमच गेलंय. नवीन मागवलं, ते विमानतळावर कस्टम्सला अडकलं, ड्राय आइस संपेल म्हणून रोज फोन, इकडे सबमिशनची तारीख डोक्यावर, आणि एवढं करून नव्या व्हायलनेही तेच शून्य. मग ती रडकुंडीला येऊन माझ्याकडे आली तेव्हा मी एवढंच विचारलं, “पेशी कशाने सोडवतेस?” पुढच्या वेळी नुसतं ईडीटीए, म्हणजे प्रोटीन न कापता पेशी सोडवणारं रसायन, वापरून, फ्लास्क हळूहळू थोपटून पेशी काढल्या आणि सिग्नल आला, जुन्या व्हायलनेसुद्धा आला. तिच्या कंट्रोलनेच सगळ्यांना फसवलं होतं, कारण तो लिपिडला चिकटणारा, ट्रिप्सिनमधून सहीसलामत सुटणारा. प्रोटीन रिसेप्टर असेल तर कंट्रोलही प्रोटीनवाला घ्या.

मी स्वतः प्रोटीन रिसेप्टर असेल तर ट्रिप्सिनची बाटली फ्रिजमधून काढतच नाही. पेशी हट्टी असतील आणि अगदीच इलाज नसेल तर ट्रिप्सिनने सोडवून परत प्लेट करते आणि रात्रभर ठेवते, पेशी नवे रिसेप्टर पृष्ठभागावर आणतात, मग दुसऱ्या दिवशी प्लेटमध्येच प्रयोग. “पण मॅडम, एक दिवस जातो.” जाऊ दे ना! चुकीच्या निकालावर अख्खा महिना जातो त्याचं काही वाटत नाही का?

३७ अंशांवर ‘बाइंडिंग’

ही दुसरी. ३७ अंशांवर पेशी टॉक्सिन आत ओढून घेते, त्यामुळे शेवटी जो आकडा येतो त्यात चिकटलेलं किती आणि गिळलेलं किती ते कळत नाही. बाइंडिंग बर्फावर करायचं, ४ अंशांला, आणि पेशी, बफर, टॉक्सिन सगळं आधीपासून थंड पाहिजे, फक्त शेवटची धुलाई थंड असून भागत नाही. मे महिन्यात आपल्याकडे एसी बंद पडला की बर्फाच्या ट्रेचं तासाभरात पाणी होतं आणि प्लेट त्यात तरंगत असते, ट्रे बर्फाचा असला तरी ती प्लेट ४ अंशांवर नसते. मी थर्मामीटर ट्रेमध्येच खोचून ठेवते. आणि पृष्ठभागावरचं टॉक्सिन काढायला डिप्थीरियाच्या बाबतीत आम्लाने धुवायचा शॉर्टकट तर अजिबात नको, कारण आम्लता वाढली की हे टॉक्सिन पडद्यात घुसतं. पेशी ज्या पिशवीत टॉक्सिन गिळते त्या एंडोसोममध्ये ते नेमकं हेच करतं, तुम्ही ते बाहेरच घडवून आणता.

बाकीच्या भराभर सांगते. उंदराच्या पेशींवर डिप्थीरिया टॉक्सिनचा प्रयोग करू नका, उंदराच्या एचबी-ईजीएफला ते धड धरत नाही. रंग न लावलेलं टॉक्सिन भरपूर जास्त घालून स्पर्धेचा कंट्रोल (खरं बाइंडिंग असेल तर सिग्नल पडतो) केला नसेल तर तुमचा सिग्नल मी मानत नाही, आणि पेशी नसलेली रिकामी वेल (प्लेटमधला खळगा) पण पाहिजेच, प्रोटीन प्लास्टिकला आनंदाने चिकटतं. ग्लायकोलिपिड बघायचं असेल तर मिथेनॉलने फिक्स करू नका, ते लिपिडच धुऊन नेतं. ब्लॉकिंगला, म्हणजे भलतीकडे चिकटायच्या जागा आधी भरून टाकायला, दुधाची पावडर नको, दुधातसुद्धा गँग्लिओसाइड असतात, मी बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) वापरते. कॉलरा टॉक्सिनच खराब आहे अशी शंका असेल तर प्लेटवर जीएम१ लावून एलायझा (अँटिबॉडी आणि रंग वापरून चिकटलेलं मोजायची चाचणी) करा, पेशींचा संबंधच नको, एका दिवसात उत्तर मिळतं.

राहता राहिलं, चिकटलं म्हणजे काम झालं असं समजणं. कॉलराची पाच बी सबयुनिटं नुसती असली तरी जीएम१ ला घट्ट धरतात आणि पेशीला विषबाधा होत नाही, म्हणून तर ती तोंडाने द्यायच्या लसीत घालता आली. जुलाब होतो तो ए भाग आत जाऊन सायक्लिक एएमपी, म्हणजे पेशीतला निरोप पोचवणारा रेणू, वाढवतो म्हणून. १९५९ मध्ये कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात कॉलराचे जंतू वाढवलेला, पण नंतर जंतू गाळून टाकलेला द्रव घातला, आणि त्याच वर्षी आपल्या परळच्या हाफकिनमधून दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांचं सशाच्या पिल्लांवरचं काम छापून आलं. दोन्हीकडे बघितला तो परिणाम, जीएम१ चं नाव त्याला जोडलं गेलं १९७० च्या दशकात. परिणाम आणि बाइंडिंग या दोन वेगळ्या मोजण्या आहेत. उलटंही खरं आहे, डिप्थीरियाच्या ए भागाचा एक रेणू पेशीत पोचला तरी ती मरू शकते, म्हणजे फ्लोमध्ये काही दिसत नसताना प्लेटमधल्या पेशी मरत असतील तर त्यात विसंगती काही नाही. कॉलरा असेल तर बर्फावर बाइंडिंग झाल्यावर पेशींचा दुसरा संच ३७ अंशांवर ठेवा आणि त्यात सायक्लिक एएमपी मोजा, दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा, मग मला मेसेज करा.