मित्रांसोबत अंदमान: इतिहासाला पुरेसा वेळ देणारा बेत

अंदमानला जाणारे बहुतेक गट समुद्रकिनारे आधी ठरवतात आणि सेल्युलर जेल परतीच्या दुपारी उरकतात. मराठी माणसाने तरी असे करू नये. सहा-सात दिवस हाताशी असतील, तर पहिले दोन दिवस पोर्ट ब्लेअरसाठीच ठेवावेत. २०२४ मध्ये या शहराचे नाव श्रीविजयपुरम झाले असले, तरी बोलण्यात अजून जुनेच नाव जास्त येते.

डिसेंबर ते मार्च हा काळ सर्वांत सोयीचा. अंदमान देशाच्या पूर्वेला दूर असूनही घड्याळ आपलेच चालते, त्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. उशिरा उठणाऱ्या मित्रांना हे निघण्यापूर्वीच बजावून ठेवावे, कारण सकाळ वाया गेली की दिवसच हातातून जातो.

सेल्युलर जेलला किमान तीन तास द्यावेत. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात भुजांपैकी आज तीनच उभ्या आहेत. प्रत्येक भुजेचे तोंड शेजारच्या भुजेच्या पाठीकडे असल्यामुळे कैद्याला समोरच्या कैद्याचा चेहराही दिसत नसे. कोठडीच्या दाराशी थांबून कडी नीट पाहावी: ती दारापासून दूर भिंतीतल्या कोनाड्यात अडकते, म्हणजे गजांतून हात बाहेर काढला तरी तिथवर पोहोचत नाही. विनायक दामोदर सावरकर ४ जुलै १९११ रोजी येथे आले आणि १९२१ पर्यंत अंदमानात होते. थोरले बंधू बाबाराव त्यांच्या आधीपासूनच येथे शिक्षा भोगत होते. विनायक सावरकरांच्या कोठडीत सगळ्यांनी एकदम गर्दी करण्यापेक्षा एकेकाने जाऊन थोडा वेळ शांत उभे राहावे, असे मला मनापासून वाटते. संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाची तिकिटे आधीच काढावीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीने रॉस बेटावर, म्हणजे आताच्या नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावर जावे. ब्रिटिश प्रशासनाचे ठाणे असलेल्या या बेटावर चर्चच्या भिंतींना झाडांच्या मुळांनी विळखा घातला आहे आणि जपानी सैन्याने बांधलेले बंकरही दिसतात. तुरुंग आणि रॉस यांचे सुटीचे वार निघण्यापूर्वी तपासावेत.

त्यानंतर स्वराज द्वीप, म्हणजेच हॅवलॉक. सरकारी बोट स्वस्त असते, खाजगी बोट जलद. दोन्हींची तिकिटे सगळ्यांची एकत्र काढावीत, नाहीतर ऐनवेळी गट फुटतो. राधानगर किनारा सूर्यास्तासाठी, तर एलिफंट बीच प्रवाळ पाहण्यासाठी राखावा. पोहता न येणाऱ्या मित्राला आग्रह करू नये. मगरींच्या इशाऱ्याचे फलक असतील तिथे पाण्यात उतरू नये. प्रवाळाचा तुकडाही उचलणे गुन्हा आहे, तसेच जारवा या तिथल्या आदिवासी लोकांचे फोटो काढणेही.

स्कूबा डायव्हिंगनंतर साधारण चोवीस तास विमानप्रवास टाळायचा असतो, शिवाय खवळलेल्या समुद्रामुळे बोटी रद्द होतात. म्हणून शेवटचा मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच ठेवावा. बाहेरच्या बेटांवर नेटवर्क बेभरवशाचे असल्याने पुरेशी रोकड जवळ असावी आणि बोटींच्या वेळा प्रत्येकाने कागदावर लिहून घ्याव्यात.