कोल्हापुरात राहून अभिनयाची सुरुवात: ऑडिशन, सेट आणि हिशेब

कोल्हापूर कधी सोडायचं, हा प्रश्न इथल्या प्रत्येक नवख्या नटाला पडतो. तो जुनाच आहे म्हणा, प्रभात फिल्म कंपनी 1929 साली इथं सुरू झाली आणि तिनंही 1933 मध्ये पुण्याला बिऱ्हाड हलवलं. पण पहिली दोन-तीन छोटी कामं इथंच करून मग मुंबई गाठलेली बरी. मोरेवाडीची चित्रनगरी आणि आसपासची गावं इथं शूटिंग होत असतं. दोन वाक्यांच्या भूमिकेसाठी स्थानिक माणूस मिळाला, तर युनिटचा प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च वाचतो. तुमचा शिरकाव होतो तो तिथूनच.

पहिली चाळणी बहुतेक वेळा मोबाइलवरच्या व्हिडिओची असते. फोन आडवा, स्टँडवर, डोळ्यांच्या उंचीला. मागं साधी भिंत, खिडकीचा उजेड तोंडावर, पंखा बंद. आधी इंट्रो: नाव, वय, उंची, गाव, भाषा, मग डावं-उजवं प्रोफाइल. अर्ध्या मिनिटात उरकायचं. सीन कमरेच्या वरपासून घ्या. समोरची वाक्यं वाचणारा लेन्सच्या अगदी बाजूला उभा राहू दे आणि त्यानं हळू वाचावं. फोन त्याच्याजवळ असल्यामुळं त्याचाच आवाज मोठा येतो आणि ऐकणाऱ्याचं लक्ष तुमच्यावरून उडतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चित्र फुटतं. फाइलला नाव, वय आणि भूमिका लिहा.

आता भाषा. ‘काय करालाईस?’ हा हेल गावाकडच्या भूमिकेत सोनं आहे, तो घालवू नका. पण तो चालू-बंद करता आला पाहिजे. इथल्या मुली घरी सर्रास ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. पुण्यातल्या डॉक्टरीणबाईंच्या सीनमध्ये तेच तोंडातून निसटलं की ऑडिशन तिथंच संपली. पाणी-लोणीतला ‘ण’ही तसाच. रोज वर्तमानपत्राचा एक परिच्छेद मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करा. आपलं आपल्यालाच ऐकू येतं.

राज्य नाट्य स्पर्धेत, कॉलेजच्या एकांकिकांत घासलेला नट पाठांतराला पक्का असतो. त्याची गडबड होते ती क्लोजमध्ये, म्हणजे नुसता चेहरा दिसणाऱ्या शॉटमध्ये. शेवटच्या रांगेसाठी लावलेला आवाज कपड्यांवर लावलेल्या लेपल माइकला फार होतो आणि भुवया नुसत्या नाचतात. रंगभूमी सोडा असं नव्हे, फक्त हे माप वेगळं आहे.

सेटवर सीन बऱ्याचदा त्याच दिवशी हातात पडतो. आधी मास्टर घेतात, म्हणजे अख्खा सीन एका मोठ्या शॉटमध्ये, मग सजेशन, म्हणजे समोरच्याच्या खांद्यावरून, मग क्लोज. समजा वाक्य आहे, ‘दादा, जमिनीचं काय ठरलं?’ मास्टरमध्ये ‘दादा’ म्हणताना उजव्या हातानं चहाचा कप उचलला, तर क्लोजमध्येही त्याच हातानं, त्याच शब्दाला उचलायचा. नाहीतर एडिटरला ते दोन शॉट जोडताच येत नाहीत आणि तुमचा चांगला टेक कापला जातो. म्हणून नवख्यानं हालचाली कमी ठेवाव्यात. कप हातात धरूनच सुरुवात केली तर निम्मी भानगड मिटते. काचेच्या बांगड्या वाजत असतील, मंगळसूत्र माइकवर घासत असेल तर साउंडवाल्याला आधीच सांगा. शिफ्ट साधारण 12 तासांची, त्यातलं तुमचं काम कधी कधी 20 मिनिटांचं. बाकी नुसतं थांबणं, आणि तेही मेकअप न बिघडवता.

पैशाचं सगळ्यात आधी विचारा. लाज कसली? रोजचा दर किती, प्रवास-राहणं कुणाकडं, पेमेंट किती दिवसांनी. मालिकांत 90 दिवसांची मुदत नेहमीची, त्यामुळं पहिले तीन-चार महिने घरखर्चाची दुसरी सोय हवी. बिल, पॅन आणि बँकेचा तपशील देऊन पोच घ्या. सहसा 10 टक्के टीडीएस, म्हणजे कराचे पैसे, आधीच कापतात. उत्पन्न कमी असेल तर रिटर्न भरून ते परत मिळवता येतात. युनिटला कलाकार मिळवून देणारा कोऑर्डिनेटर झालेल्या कामावर कमिशन घेतो, ते ठीक. ऑडिशनसाठी, कलाकार म्हणून ‘कार्ड’ काढून देण्यासाठी किंवा पोर्टफोलिओ अमक्याच फोटोग्राफरकडून काढण्यासाठी कुणी आधी पैसे मागितले, की उठून यायचं.

आणि शेड्यूल संपलं तरी, तुमचा सीन पूर्ण झाला असं दिग्दर्शन विभागानं सांगेपर्यंत केस-दाढीला हात लावू नका. घरच्या लग्नाला तसंच जावं लागलं तरी चालेल.