उशिरा उमटणारे सूर आणि विस्कटलेला दादरा

नाशिकला पंचवटीतील आमच्या घरी एका भजनाची चाल मिडी कीबोर्डवरून (कोणती पट्टी कधी दाबली ही माहिती संगणकाला पाठवणाऱ्या कीबोर्डवरून) संगणकात ध्वनिमुद्रित करताना मला असे जाणवले की, पट्टी दाबल्यानंतर सूर किंचित उशिरा ऐकू येतो आणि त्या विलंबाशी जुळवून घेण्याच्या नादात माझा हात लयीच्या पुढे धावतो. मी आधी केबलवर संशय घेतला; तो व्यर्थ होता. सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये बफर, म्हणजे आवाज पुढे पाठवण्याआधी तो तात्पुरता साठवण्याची जागा, १०२४ सॅम्पलचा (ध्वनीच्या सूक्ष्म नमुन्यांचा) होता आणि ४४,१०० हर्ट्झच्या सॅम्पल रेटला, म्हणजे सेकंदाला ४४,१०० सॅम्पल असताना, एवढा बफर भरण्यासच सुमारे २३ मिलिसेकंद लागतात. तो १२८ वर आणताच ही वेळ ३ मिलिसेकंदांहून कमी झाली.

खरी कसोटी मात्र संपादनात लागली. क्वांटाइझ केल्यावर, म्हणजे स्वर वेळेच्या ठरावीक खुणांच्या जाळीवर (ग्रिडवर) आपोआप सरकवल्यावर, चाल पार विस्कटली, कारण ती ६ मात्रांच्या दादऱ्यात होती आणि मी एका ठोक्यात तीन मात्रा धरून वाजवले होते, तर ग्रिड प्रत्येक ठोक्याचे चार भाग करणारे होते. त्यामुळे ठोक्याच्या एक तृतीयांशावर असलेला स्वर एक चतुर्थांशावर, आणि दोन तृतीयांशांवरचा तीन चतुर्थांशांवर ओढला जात होता. क्रिया मागे घेऊन मी ठोक्याचे तीन भाग करणारे ट्रिपलेट ग्रिड निवडले. तरीही पूर्ण क्वांटाइझने गाणे यंत्रवत वाटले (भजनाला ते मुळीच शोभत नाही), म्हणून त्याचे प्रमाण ५० टक्क्यांवर ठेवले आणि समेवरचे दोन स्वर तेवढे हाताने सरकवले.