विद्यार्थी फिल्मच्या शूटवर कॅमेरा कसा चालवावा

मोठ्या चित्रपटाच्या सेटवर छायाचित्रणकार (प्रकाश आणि दृश्याचा एकूण लुक ठरवणारा), कॅमेरा ऑपरेटर (प्रत्यक्ष कॅमेरा चालवणारा) आणि फोकस पुलर (फोकस सांभाळणारा) अशी तीन वेगळी माणसं असतात. विद्यार्थ्यांच्या शूटवर ही तिन्ही कामं बहुधा एकाच्याच गळ्यात पडतात. त्यातलं ऑपरेटरचं काम सगळ्यात कमी शिकवलं जातं, म्हणून हा लेख.

आदल्या दिवशी

कॅमेरा भाड्याचा किंवा मित्राचा असेल, तर आदल्या संध्याकाळी तरी हातात घ्या. आधी शटर बघा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा किती भाग प्रकाश मिळतो ते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/६० वर राहिलं तर भिंतीवर पट्टे सरकताना दिसतात आणि एडिटला ते काढणं फार जिकिरीचं होतं. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५०, एवढं पक्कं करा. मेनूत २५ सापडत नसेल तर कॅमेरा एनटीएससीवर (३० फ्रेमच्या व्हिडिओ पद्धतीवर) आहे, तो पालवर (PAL, २५ फ्रेमची पद्धत) आणा. हे करताना काही कॅमेरे कार्ड फॉरमॅट करायला लावतात, म्हणून शूटच्या मध्यावर हे करणं नको.

व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगानुसार कॅमेऱ्याचे रंग जुळवणारी सेटिंग) ऑटोवर ठेवू नका. उन्हात ५६०० केल्विन, पिवळ्या बल्बखाली ३२००. ऑटोवर असेल तर लाल साडी नेसलेली बाई फ्रेममधून गेली तरी भिंतीचा रंग बदलू शकतो. कार्डांचा हिशोबही करून ठेवा: १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट) मिनिटाला ७५० एमबी, म्हणजे तासाला ४५ जीबी.

सेटवर

पहिली रिहर्सल कॅमेरा न लावता, नुसती उभं राहून बघा. नट कुठे थांबतो, कुठे वळतो हे कळल्याशिवाय ट्रायपॉड मांडण्यात अर्थ नाही. तो थांबतो तिथे जमिनीवर टेप लावा आणि त्या अंतराची खूण फोकस रिंगवर करा. दोघं समोरासमोर बोलत असतील तर त्या दोघांना जोडणारी काल्पनिक रेषा कॅमेऱ्याने ओलांडू नका, नाहीतर एडिटमध्ये दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतील. पावसाळ्यात एसीच्या खोलीतून बाहेर गेलात तर लेन्सवर वाफ धरते. कॅमेरा अर्धा तास बंद बॅगेतच राहू द्या.

पॅन करायचा, म्हणजे कॅमेरा एका बाजूकडून दुसरीकडे आडवा फिरवायचा असेल तर पाय शेवटच्या फ्रेमच्या दिशेने रोवा आणि कमरेतून मागे वळून सुरुवात करा. शरीर सुटत सुटत सरळ होतं आणि पॅन शेवटी अडखळत नाही. उलट उभे राहिलात तर नेमका शेवटचा भाग, जिथे नजर थांबणार, तोच थरथरतो.

रोलिंग झाल्यावर क्लॅप (सीन आणि टेकचा नंबर लिहिलेली पाटी) फ्रेममध्ये आणि फोकसमध्ये आहे ना, बघा. नंतर नजर चेहऱ्यावर खिळू देऊ नका, ती चारही कडांवरून फिरती ठेवा. बूम (लांब दांडीवरचा माइक), लाइटचा स्टँड, कुणाची तरी पाण्याची बाटली, सगळं कडेनेच आत येतं. कट म्हणणं दिग्दर्शकाचं काम. बूम आत आला तरी टेक चालू ठेवा, कारण तेवढाच भाग वगळून बाकीचा वापरता येऊ शकतो. कट ऐकल्यावरही चारपाच सेकंद रेकॉर्डिंग चालू असू द्या.

कट झाल्यावर

माझ्या मते ऑपरेटरची खरी कसोटी इथे असते. टेकभर फ्रेमवरून नजर न हटवणारे तुम्ही एकटेच, दिग्दर्शक अभिनयात गुंतलेला असतो. सगळे दमलेले, जेवण थंड होतंय, दिग्दर्शक आशेने तुमच्याकडे बघतोय. अशा वेळी 'ठीक आहे' म्हणावंसं वाटतं. फोकस गेला असेल तर गेला म्हणा, आणि कुठे गेला तेही सांगा: 'शेवटच्या वाक्याला डोळे सॉफ्ट झाले, आधीचं सगळं चांगलं आहे.' एवढ्यावर दिग्दर्शकाला ठरवता येतं, की पूर्ण टेक पुन्हा घ्यायचा की फक्त शेवट. शंका असेल तर क्लिप मोठी करून तपासा. अभिनयाबद्दल मात्र नटासमोर काहीही बोलू नका. तो खुणेवर थांबला नसेल तर तेही दिग्दर्शकामार्फतच सांगा.

पॅकअपनंतर

कार्ड दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि त्या दोन वेगळ्या माणसांच्या बॅगेत जाऊ द्या. दोन्हींवरच्या काही क्लिप्स उघडून शेवटपर्यंत चालवून बघा. त्यानंतरच कार्ड फॉरमॅट करा.